सावलीचा पंचनामा

त्या वर्षीच्या कापूस वेचणीत आमच्या टोळीतलं कोणीही मरत नव्हतं, आणि त्याचं कारण एवढंच होतं की मी चुलीपुढे बसून भाकरी थापत होते. हे वाक्य आज नातीला वाचून दाखवलं तर ती म्हणाली, आजी, तुझं काहीतरी गडबडलंय. गडबडलेलं काही नाही. आम्ही मोबाईलवर एक खेळ खेळायचो. त्यात किल्ले होते, राक्षस होते, आणि देशभरातली हजारो माणसं आपापल्या घरी बसून एकाच वेळी त्या राक्षसांशी लढायची. आमची टोळी पाच जणांची होती. माझ्या मोठेबाबांचा मुलगा प्रमोददादा, जो बेल्लमपल्लीला कोळशाच्या खाणीत कारकून होता, तो आमचा म्होरक्या. निर्मलच्या दोघी बहिणी तिरंदाज होत्या, मंचेरियलचा एक जण ढालवाला होता, आणि मी वैदीण. दादा सोडला तर मी एकालाही प्रत्यक्ष पाहिलेलं नव्हतं.

वैदिणीचं काम सोपं होतं. तिच्याभोवती हिरव्या उजेडाचं एक वर्तुळ असायचं, त्याला खेळात सावली म्हणत. आपल्या टोळीतला जो कोणी त्या वर्तुळात उभा असेल, त्याच्या जखमा आपोआप हळूहळू भरून यायच्या. मला काही दाबावं लागत नसे, कोणाला मारावं लागत नसे, फक्त तिथं असावं लागे. म्हणूनच मी वैदीण झाले होते. संध्याकाळी टोळी जमायची ती नेमकी आमच्या घरी भाकरीच्या वेळी, आणि माझे दोन्ही हात ज्वारीच्या पिठात. मी मोबाईल मिठाच्या बरणीला टेकवून ठेवायचे, नाकाच्या शेंड्यानं वैदिणीला दोन पावलं पुढे सरकवायचे आणि पुढची भाकरी परातीत घ्यायचे. तव्यावर भाकर फुगायची, शेजारच्या चुलीवर अंबाडीची भाजी खदखदायची, आणि बरणीमागून दादाचा आवाज यायचा, "वनू, जवळ राह्य! लय मार बसून राह्यला!" आई म्हणायची, "याले म्हनावं, मार बसते तं घरी जाय ना बापा."

मला ती टोळी फार प्रिय होती, हे आता कबूल करायला काही हरकत नाही. बारावी झाली होती. पुढचं कॉलेज आदिलाबादला, आणि आमच्या गावाची सकाळची बस बंद झालेली. पुढच्या वर्षी पाहू असं घरात ठरलं होतं, आणि असं ठरलं की त्याचं काय होतं ते सगळ्या मुलींना माहीत असतं. दिवसभर मी कोणाची तरी मुलगी, कोणाची तरी पुतणी होते. संध्याकाळी मात्र चार माणसं माझी वाट पाहायची आणि मी आले नाही तर लढाईला निघायची नाहीत. एवढी गरज माझी तोवर कोणाला पडली नव्हती.

आणि मग एका संध्याकाळी खेळ सुरू करताच सूचना आली. कंपनीचं म्हणणं असं होतं की सावलीमुळे खेळाचा तोल बिघडला आहे. वैदिणी मोबाईल बाजूला ठेवून देतात, काही करत नाहीत, तरी सगळी टोळी जिवंत राहते. म्हणून पुढल्या महिन्यापासून वैदिणीनं दर दोन क्षणांनी बटण दाबलं तरच जखमा भरतील. ज्यांची हरकत असेल त्यांनी वीस दिवसांच्या मुदतीत पुराव्यासह कळवावं. दादानं दुसऱ्या दिवशी फोन केला. तो माणूस चांगला होता, पण लढाईच्या बाबतीत कोणाचा नव्हता. "बटन दाबनं होत असंल तं राह्य, वनू. नाई तं मले दुसरी वैदीन पाहा लागंल. राग नको मानू." मी राग मानला नाही. मी भाकरी करपवल्या आणि न जेवता उठले.

आमच्या घरात जेवायला नाही म्हणणं ही बातमी असे. मोठेबाबा ओसरीवर बसले होते, त्यांनी बोलावून घेतलं. मोठेबाबा म्हणजे बाबांचे थोरले भाऊ, महसूल खात्यातून गिरदावर म्हणून निवृत्त झालेले. तीस वर्षं लोकांच्या जमिनी मोजल्या, बांधाचे तंटे मिटवले, आणि आता दिवसभर पेपर वाचून त्यातल्या चुका पेन्सिलीनं दुरुस्त करत बसायचे. मी रडत रडत त्यांना ती सूचना वाचून दाखवली. खेळ, राक्षस, वैदीण यांतलं त्यांना काही कळलं नाही. पण हरकत, मुदत आणि पुरावा हे तीन शब्द कानावर पडले आणि निवृत्तीनंतर पहिल्यांदाच ते ताठ बसले.

"अर्जी द्या लागंल," ते म्हणाले. "सावलीची हद्द किती?"

"तीस-चाळीस पावलं असंल."

"कोनाच्या पावलानं?"

"तिरंदाजाच्या."

"तिरंदाजाची उंची?"

ते मला माहीत नव्हतं. मोठेबाबांनी चष्मा काढला आणि दुःखानं मान हलवली. असं कागदी काम चालणार नाही, ते म्हणाले, मौका पाहणी झाली पाहिजे. मोबाईलमधली जमीन मोजता येत नसेल तर खऱ्या जमिनीवरची नजीर, म्हणजे दाखला, हवा. असा कोणी इसम आहे का, की जो काही करत नाही, पण तो असला की आजूबाजूच्यांचं बरं चालतं? मी क्षणभरही विचार केला नाही. "गोदाआत्या," मी म्हटलं. "ते काईच करत नाई. नुसती बसते. पन असली की सारं बराबर राह्यते." मोठेबाबांनी माझं वाक्य जसंच्या तसं वहीत उतरवलं. त्या वाक्यासाठी मी पुढे किती वेळा स्वतःला शिव्या दिल्या असतील याची गणती नाही.

गोदाआत्या सगळ्या भावंडांत थोरली. लवकर विधवा होऊन माहेरी आलेली, देहानं भरभक्कम, गुडघे गेलेले. वेचणीच्या दिवसांत तिला सकाळी बैलबंडीत बसवून वावरात न्यायचे आणि धुऱ्यावरच्या, म्हणजे बांधावरच्या, बाभळीखाली तिची बाज टाकायचे. आमच्याकडे पाच घरांची सावड होती, म्हणजे पाचही घरच्या बाया आज एकाच्या, उद्या दुसऱ्याच्या वावरात मिळून कापूस वेचायच्या. घरटी तीन माणसं द्यायची असा नियम. आमच्या घरून आई, मी आणि गोदाआत्या. आत्या एक बोंड वेचत नसे, तरी ती सावडीत एक माणूस म्हणून धरली जाई. हे कधी ठरलं, कोणी ठरवलं, कोणालाच ठाऊक नव्हतं, आणि कोणी कधी विचारलंही नव्हतं. विचारणारे निघाले ते आम्ही.

पहिल्या दिवशी मोठेबाबांनी आत्याला काहीतरी निमित्त सांगून घरी ठेवलं आणि स्वतः वही घेऊन धुऱ्यावर उभे राहिले. दुपारपर्यंत सावडीतल्या दोघी जावांनी एकमेकींशी बोलणं टाकलं होतं, पाण्याचा माठ लवंडला होता, एकीच्या ओटीतला कापूस दुसरीनं आपला म्हणून नेला होता आणि कोणाची तरी म्हैस तुरीत शिरली होती. मोठेबाबांनी सगळं क्रमवार लिहिलं. दुसऱ्या दिवशी आत्या नेहमीच्या जागी. दिवसभर काही म्हणजे काही झालं नाही. वहीत त्यांनी एकच शब्द लिहिला, 'अमन'. मग त्यांनी माळ्यावरून जरीब काढली. जरीब म्हणजे जमीन मोजायची लोखंडी साखळी. यंत्रं आल्यावर कचेरीनं भंगारात काढलेली ही तेहतीस फुटी साखळी त्यांनी मागून आणली होती आणि दर दसऱ्याला तिला हळदकुंकू वाहायचे. तिसऱ्या दिवसापासून आत्याची बाज रोज एक जरीब लांब सरकू लागली.

"काऊन सरकवून राह्यले रे मले?" आत्या विचारायची.

"ऊन येते, अक्का," मोठेबाबा म्हणायचे, आणि बाज सावलीतून उचलून भर उन्हात नेऊन ठेवायचे.

एका जरिबीवर अमन. दोन जरिबींवर अमन, फक्त एकीला शिंका आल्या. तीन जरिबींवर थोडी कुरबुर झाली पण पाणी पिऊन निवली. सहाव्या दिवशी चौथी जरीब टाकली तर तिचं टोक धुरा ओलांडून शेजारच्या लचन्नाच्या वावरात पडलं. मोठेबाबा मोजणीत माघार घेणारे नव्हते. चौघांनी आत्यासकट बाज उचलली आणि लचन्नाच्या कापसात नेऊन ठेवली. तासाभरात आमच्याकडे दोघी जावा झिंज्या धरायच्या बेतात आल्या. आणि पलीकडे लचन्नाच्या बाया, ज्यांची भांडणं आम्ही वर्षानुवर्षं धुऱ्यावरून ऐकत आलो होतो, त्या चक्क गाणं म्हणू लागल्या. दुपारी लचन्नानं आत्याला चहा दिला, घरून तांदळाच्या पिठाची गरम सर्वपिंडी आणवली. उन्हं कलल्यावर आम्ही बाज न्यायला गेलो तर तो आडवा उभा राहिला. "अक्का को इक्कडे रहने दो, गिरदावर साब. अपनेच जमीन पे बैठी है." तीस वर्षं इतरांचे हद्दीचे तंटे सोडवणाऱ्या माणसावर आपली सख्खी बहीण परत मिळवण्यासाठी धुऱ्याचा दगड शोधायची वेळ आली. शेवटी आत्याच म्हणाली, "लचन्ना, उद्या येतो. आता मले घरी जाऊ दे," तेव्हा त्यानं वाट सोडली.

हद्द सिद्ध झाली होती. तीन जरीब, म्हणजे नव्व्याण्णव फूट. मोठेबाबांनी दोन दिवस खपून पंचनामा लिहिला आणि रविवारी सकाळी सगळ्यांना सहीसाठी ओसरीवर बसवलं. आत्या मधोमध. तिला वाटलं, तिच्या नावावर जमिनीचा तुकडा करून राहिले असतील. मोठेबाबांनी घसा खाकरला आणि कचेरीच्या आवाजात वाचायला सुरुवात केली. "सदर गोदावरीबाई ही कोणतेही काम करीत नाही. निष्क्रिय अवस्थेत बसून असते. तथापि..." पुढचं तथापि फार सुंदर होतं. त्यात अमन होता, जरीब होती, लचन्नाची साक्ष होती. पण आत्यानं हात वर केला आणि वाचन थांबलं.

"हे कोनं सांगतलं, गनपत?"

मोठेबाबांना खोटं बोलता येत नसे. "वनूनं."

आत्यानं माझ्याकडे पाहिलं. ती रागावली असती तर बरं झालं असतं. ती नुसती "बरं" म्हणाली, भिंतीला धरून उठली आणि आत गेली. सही झालीच नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी उठले तर चुलीपुढे आत्या. भाकरी थापून राहिली होती आणि एकेक भाकर नकाशावरच्या तालुक्यासारखी वाकडीतिकडी निघत होती. त्या दिवसापासून आत्या काम करू लागली. आमच्यापैकी ज्याला काही झालं नव्हतं त्याचाही तिनं इलाज केला. सगळ्यांना कडुनिंबाचा काढा पाजला. बाबांच्या पायात नसलेला काटा सुईनं कोरला. मोठेबाबा दाढी करत असताना मागून येऊन त्यांच्या डोक्यावर तेल थापलं, तेव्हा वस्तरा थोडक्यात चुकला. वावरात ती बाजेवर बसेना. गुडघे कटकट वाजवत ओळीत उभी राहून कापूस वेचायची आणि बोंडाबरोबर पानं, काड्या ओटीत टाकायची, एकदा तर तिनं एक जिवंत टोळच टाकला. बाया आपलं काम सोडून तिच्याकडे बघत राहायच्या. "आत्या, बसा ना वो," कोणी म्हटलं की ती म्हणायची, "कशी बसू? मी निष्क्रिय हाये म्हने." तो शब्द तिला फारच लागला होता. मांजरीला हाकलतानाही ती म्हणे, सरक निष्क्रिये.

चार दिवसांत घराचा आणि सावडीचा पार विचका झाला. आई आणि बाबा पंचवीस वर्षांत पहिल्यांदा मिठावरून भांडले. दोघी जावांनी सावड सोडायची भाषा केली. लचन्ना रोज धुऱ्यावर येऊन रिकाम्या बाजेकडे बघून परत जायचा. माझी वैदीणही कामातून गेली. एका संध्याकाळी मी आत्याच्या हातातून तवा काढून घ्यायला धावले, मोबाईल परातीत पडला, आणि तिकडे माझी वैदीण कड्याच्या टोकाकडे चालत गेली. तिच्यामागून सावली गेली आणि निर्मलच्या दोघी बहिणी, ढालवाला, दादा, सगळे एकामागोमाग मेले. पिठातून दादाचा आवाज आला, "पाह्यलं? म्हनून म्हनतो दुसरी पाहा लागते." पाचव्या दिवशी आत्याचे गुडघे भोपळ्याएवढे सुजले आणि ती आडवी झाली. मुदतीला दोन दिवस उरले होते. पण मला त्या वेळी टोळीपेक्षाही एक गोष्ट जास्त टोचत होती. दुनियेत कोणी काही म्हणो, सावली म्हणजे फुकटचं काम नाही असं मी कंपनीला ओरडून सांगायला निघाले होते, आणि माझ्याच घरच्या बाईला मीच फुकटी ठरवलं होतं.

मी वही घेतली आणि वावरात गेले. एकेकीजवळ बसून विचारलं, गोदाआत्या वावरात काय करते? सगळ्यांनी पहिल्यांदा तेच सांगितलं, "काई नाई, बसते." आणि मग वेचता वेचता पुढचं. "पन आल्या आल्या साऱ्याईले नावानं हाक मारते, मंग आपन आल्यासारखं वाटते." "जाऊचं मले सांगते, पन अर्धंच सांगते. वाईट वाईट ठेवून घेते." हे धाकटीनं सांगितलं, आणि थोरलीनंही नेमकं हेच सांगितलं. "दोघी जोरानं बोलाले लागल्या की खोकते. खोकला नाई तिले काई." "माही कंबर दुखत असली की तेच म्हनते, बसा आता, मले दम लागला. बसूनच असते, तिले कायचा दम?" लचन्नाच्या कारभारणीनं तेलुगूत सांगितलं की अक्कानं तिला एवढंच विचारलं होतं, आज सकाळी काय खाल्लंस, आणि असं तिला लग्नानंतर कोणी विचारलं नव्हतं. मी लिहीत गेले. चार पानं भरली. आज इतक्या वर्षांनी माझ्या स्वतःच्या गुडघ्यांनी संप केला आहे आणि मी दिवसाचा मोठा भाग खुर्चीत असते, तेव्हा कळतं की त्यातलं एकेक काम किती अवघड आहे. अर्धं सांगणं तर मला अजून जमत नाही.

संध्याकाळी आत्या बाजेवर पडली होती, गुडघ्यांना तेल लावून रुईची गरम पानं बांधलेली. मी मोठेबाबांचं ते वाक्य तिच्यासमोर खोडलं आणि त्या जागी बायांनी सांगितलेलं वाचून दाखवलं. ती आढ्याकडे पाहत ऐकत होती.

"हे सारं मी करतो?"

"हो, आत्या."

"मले तं वाटे मी बसतो."

मी तिच्या पोटाशी डोकं ठेवून रडले. तिनं माझ्या केसांतला कापूस काढला आणि म्हणाली, "आन तो कागद. ते फूट-बिट काढून टाक तेवढं." दारात उभे असलेले मोठेबाबा घाईनं म्हणाले, "अक्का, ते नाई निघत, तो मोजनीचा भाग हाये." आत्यानं सहीचा एक 'गो' काढला, पुढे लांब रेघ ओढली आणि पंचनामा पुरा झाला.

कंपनीच्या चौकटीत जेमतेम चार ओळी मावत होत्या. मोठेबाबांना त्या चौकटीचा अपमान वाटला. आम्ही पानांचे फोटो काढून अकरा हप्त्यांत पाठवले, त्यात जरिबीचाही एक फोटो. उत्तरादाखल आभाराची एक ठरावीक इंग्रजी ओळ आली. मोठेबाबा म्हणाले, अर्जी दाखल झाली.

पुढल्या महिन्यात बदल आला. बटणाचं नाव नव्हतं. सावलीत जखमा भरण्याचा वेग थोडा कमी केला होता, आणि एक नवी अट घातली होती. वैदिणीनं एका जागी बसून राहायचं. ती बसलेली असेल तोवर जखमा भरतील, उठली की सावली मोडेल. वर्तुळ तेहतीस पावलांचं केलं होतं. मोठेबाबांनी तेहतीस हा आकडा तीनदा वाचला, जरीब मंजूर झाली म्हणत गावात गूळ वाटला, आणि तीन जरिबींची एकच का केली यावर वेगळी हरकत लिहायला बसले. आमचं कोणी वाचलं असेल असं मला वाटत नाही. प्रमोददादा आजही म्हणतो की देशभरच्या वैदिणींनी आरडाओरडा केला असेल, तुमच्या जरिबीला कोण विचारतो. तेव्हा मात्र त्यानं फोनवर एवढंच सांगितलं, "वनू, तू नुसती बसून राह्य. बाकी आमी पाह्यतो."

त्या संध्याकाळी मी मोबाईल बरणीला टेकवला आणि परातीत पीठ घेतलं. किल्ल्याच्या दारात मारामारी पेटली होती. मधोमध माझी वैदीण मांडी घालून बसली आणि तिच्याभोवती हिरवा उजेड पसरला. आत्या भिंतीचा आधार घेत चुलीपाशी आली. त्या मोबाईलकडे तिनं कधी ढुंकून पाहिलं नव्हतं. आज वाकून पाहू लागली.

"सारे लढून राह्यले, अन् हे काऊन बसली वो?"

"काम करून राह्यली, आत्या."

आत्यानं आणखी थोडा वेळ पाहिलं. मग पाट ओढून माझ्याजवळ टेकली आणि म्हणाली, "मंग हलवू नको तिले."